थंडी वाढली की गहू का खुलतो? संकरित बियाण्याने फरक पडतो का? समजून घ्या

राजूर (ता. भोकरदन) : सोयाबीन निघाले, विहिरीत पाणी असले की शेतकऱ्यांसमोर प्रश्न येतो, गहू करायचा का? उत्तर थंडीवर अवलंबून असते. पण गव्हाला थंडी नेमकी कशासाठी लागते?

आपला गहू कोणता?
युरोप-अमेरिकेत हिवाळी गहू पेरतात. तो शून्य ते सात-आठ अंशांत काही आठवडे राहिल्याशिवाय त्याला ओंबीच धरत नाही. हळूहळू थंडी वाढली की त्याच्या पेशींत साखर साठते, पाणी कमी होते आणि रोप बर्फाखालीही तगते. हाच गहू राजूरला पेरला तर नुसता पाला वाढेल. आपल्याकडचा गहू रब्बीत पेरला जात असला, तरी वसंती प्रकारचा आहे. त्याला अशी सक्तीची थंडी लागत नाही.

मग थंडीचा फायदा काय?
थंडीत पीक सावकाश वाढते, त्यामुळे फुटवे जास्त येतात आणि दाणा भरायला वेळ मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा तिशीपलीकडे गेला की पीक घाईने पिकते, दाणा बारीक राहतो. म्हणूनच बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करण्याची शिफारस आहे. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे कृषी विद्यापीठ सांगते.

संकरित गव्हाचे काय?
याचा धागा जालन्याशीच जुळतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला ‘प्रथम ७०७०’ हा संकरित गहू बाजारात आणला.

तरीही कपाशीसारखा संकर गव्हात रुजला नाही. गव्हाच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि बहुतेक परागीभवन फूल उघडण्याआधीच होते. त्यामुळे संकरासाठी मादी वाणाचा पराग वांझ करावा लागतो. बियाणे महाग पडते, आणि गव्हाला हेक्टरी १०० किलोच्या आसपास बियाणे लागते.

संकरित म्हणजे थंडी-उष्णता सोसणारा?
तसे नाही. ती क्षमता मायबाप वाणांकडून येते. निफाड केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे सरळ, सुधारित वाण आहेत. त्यांचे शुद्ध राखलेले घरचे बियाणे पुन्हा पेरता येते. संकरित पिकाचे दाणे पेरले, तर पुढचे पीक एकसारखे येत नाही.

लक्षात ठेवा : पिशवीवर ‘सुधारित’ आहे की ‘संकरित’, हे वाचूनच पैसे द्या. डिसेंबरमध्ये पेरणी जाणार असेल, तर उशिराच्या पेरणीसाठी शिफारस असलेलाच वाण घ्या. महागडे बियाणे गेलेली थंडी परत आणत नाही.