विजेचं विरजण

१८५९ सालच्या २ सप्टेंबरची सकाळ. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकाचं हलणं दुर्बिणीतून टिपणाऱ्या मंडळींना दिसलं की आज याचं काहीतरी बिनसलं आहे. एरवी तासातासाने नोंद व्हायची. त्या दिवशी दर काही मिनिटांनी आकडे उतरवले गेले. युरोपातल्या मोठ्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप रेघ ओढणारी यंत्रं होती, पण त्या चुंबकीय वादळाचा जोर असा की रेघ कागदाबाहेरच निघून गेली. कुलाब्याच्या हाती लिहिलेल्या वहीत मात्र घसरण आकड्यांनिशी उतरली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतिहासातल्या त्या सर्वांत गाजलेल्या सौरवादळाचं माप काढलं, ते कुलाब्याच्या याच नोंदींवरून.

आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत असताना त्याला डागांजवळ लख्ख पांढरा उजेड दिसला होता. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर आदळलं. तेव्हा जगात विजेवर चालणारी मोठी गोष्ट एकच होती, ती म्हणजे तारायंत्र. तारमास्तरांना झटके बसले, कुठे कागद करपले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी तर आपापल्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या आभाळातून उतरलेल्या करंटवर एकमेकांशी बोलत राहिले.

कुलाब्याच्या वेधशाळेचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या करंटने चुंबकाच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ च्या सुमारास चुंबकीय उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. मुंबईत विजेची ट्रॅम १९०७ साली धावली. विजेपासून पळून गेलेली ही वेधशाळा आजही अलिबागला काम करते, आणि विजेला सूर्याकडून असलेल्या धोक्याचाच हिशेब ठेवते.

साऱ्या जगाची वीज एका क्षणात गेली, ही कल्पना चित्रपटवाल्यांच्या आवडीची आहे. प्रत्यक्षात तसं होणं फार अवघड. अमेरिकेने ९ जुलै १९६२ रोजी प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, तेव्हा १,४०० किलोमीटरांवरच्या हवाई बेटांतले रस्त्यावरचे काही दिवे गेले. पण अशा स्फोटाची झळ क्षितिजापर्यंतच पोहोचते. एकाच वेळी अनेक खंडांना हात घालू शकेल असा दावेदार एकच, सूर्य.

त्याची पद्धत चोरट्यासारखी आहे. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की जमिनीत करंट वाहू लागतो आणि लांबच लांब वाहिन्यांमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. ट्रान्सफॉर्मरला सवय उलटसुलट वाहणाऱ्या करंटची. हा पाहुणा बराच वेळ एकाच दिशेने वाहत राहतो. गाभा तापतो, संरक्षक यंत्रणा घाबरून वाहिन्या तोडते. कॅनडाच्या क्युबेक प्रांताने १३ मार्च १९८९ च्या पहाटे हे भोगलं. दीड मिनिटात अख्खी ग्रीड कोसळली आणि साठ लाख माणसं नऊ तास थंडीत बसली. क्युबेक उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या बऱ्यापैकी जवळ, खाली वीज न वाहू देणारा कठीण खडक, वर हजार हजार किलोमीटरच्या वाहिन्या. सगळी कुंडली जुळली होती. महाराष्ट्र चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने इथल्या वाहिन्यांना हा त्रास बराच कमी. पण औषधं, चिप्स, तेल आणि सुटे भाग जिथून येतात ते देश अंधारात गेले, तर इथला उजेड किती दिवस पुरेल, हा प्रश्न उरतोच.

२३ जुलै २०१२ रोजी कॅरिंग्टनच्या तोडीचं एक वादळ सूर्यावरून सुटलं. पृथ्वी त्याच्या वाटेत नव्हती, म्हणून वाचली.

त्यानंतर बरोबर आठवड्याने भारतात वीज गेली. सूर्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. ३० जुलैच्या पहाटे अडीचनंतर बिना ते ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी भार न पेलून तुटली आणि उत्तरेची ग्रीड गेली. ती सावरते न सावरते तोच ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रीड एकदम झोपल्या. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश. दिल्ली मेट्रो बोगद्यात थांबली, बंगालच्या कोळसा खाणींत दोनशेच्या आसपास कामगार पाळणे बंद पडल्याने खाली अडकले. पुढे ते सुखरूप वर आले. पश्चिमेची ग्रीड वेळीच सुटी झाली, म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी ही बातमी टीव्हीवर पाहिली.

ग्रीड म्हणजे लेझमीचा ताफा. शेकडो जनित्रं एका ठेक्यावर नाचतात, सेकंदाला पन्नास आवर्तनं. कुणाचा पाय चुकला तर शेजारचे सांभाळून घेतात. चार-पाच जणांचा एकदम चुकला की ताफा विस्कटतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारतही याच ठेक्यात आला. सांभाळून घेणारे वाढले, आणि एकमेकांच्या पायात पाय अडकण्याची सोयही वाढली.

वीज जाण्यापेक्षा ती परत आणणं कितीतरी कठीण. औष्णिक केंद्राला कोळसा दळायला, पंखे फिरवायला, बॉयलरमध्ये पाणी रेटायला आधी वीजच लागते. घरात दही संपलं की दही लावायला शेजारून चमचाभर विरजण आणावं लागतं, तसाच हा प्रकार. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेनमधली सुमारे १५,००० मेगावॅट वीज पाच सेकंदांत नाहीशी झाली. त्या घटकेच्या मागणीच्या साठ टक्के. स्पेन आणि पोर्तुगाल ठप्प. पण स्पेनला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून विरजण मिळालं, शिवाय धरणांवरची केंद्रं कामाला आली, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जवळपास सगळं पूर्ववत झालं.

जगच अंधारात असेल तर शेजारी कोण? मग विरजण घरातच हवं. ते असतं धरणावर. जलविद्युत केंद्राचं दार उघडायला बॅटरी आणि एखादं लहान डिझेल जनित्र पुरतं. पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि चाक फिरतं. १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देणारं खोपोली, त्यानंतरची भिवपुरी आणि भिरा, आणि १,९६० मेगावॅटची कोयना ही महाराष्ट्राची या कामातली थोरली मंडळी. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं घरातले दिवे मालवले, तेव्हा मागणी ३१,००० मेगावॅटहून जास्त घसरली आणि पुन्हा चढली. तो हिसका देशभरच्या जलविद्युत केंद्रांनीच प्रामुख्याने अंगावर घेतला. कोळशाचं केंद्र इतक्या लवकर अंग वळवत नाही.

ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील तर हे काम तासांचं, फार तर दिवसांचं. ते जळाले असतील तर गोष्ट वेगळी. शेकडो टनांचा हा नग मागणीनुसार बनतो, बनायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तो बनवणाऱ्या कारखान्यालाही वीज लागते. म्हणून वादळाची चाहूल लागताच काही वाहिन्या आपणहून बंद ठेवणं हा शहाणपणाचा उपाय. मे २०२४ च्या मोठ्या वादळात न्यूझीलंडने तेच केलं. त्याच वादळात लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालेलं दिसलं. आता पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर भारताचं आदित्य एल-१ यान पहारा देतं आहे; त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. वादळ सूर्यावरून निघालेलं बरेच तास, कधी दोन-तीन दिवस आधी दिसतं, पण ते नेमकं किती बोचणार हे कळतं ते या टप्प्यावर, म्हणजे तासभर आधी किंवा त्याहूनही उशिरा.

अणुकेंद्रांची भीती सगळ्यांच्या मनात असते, आणि फुकुशिमानंतर ती अनाठायी म्हणता येत नाही. पण नरोऱ्याची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या त्या केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि केंद्राची सगळी वीज, राखीवसुद्धा, सुमारे १७ तास गेली. कर्मचाऱ्यांनी आग विझवायचे डिझेल पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी सोडलं आणि अणुभट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

आता घरातलं. वीज गेली की माणूस आधी मेणबत्ती शोधतो. ते चूक आहे. आधी पाणी भरावं. टाकीत आहे तोवर पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, असेल नसेल ते भांडं. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा क्लीव्हलंड शहराचे पंप थांबले आणि दिवे जाण्यापेक्षा नळ कोरडे पडणं जास्त जड गेलं. मुंबईचं नशीब थोडं बरं. १८९२ पासून तानसाचं पाणी उतारानेच शहराकडे येतं. पण भातसाचं पाणी पिसे-पांजरापूरच्या पंपांवर अवलंबून आहे, आणि गच्चीवरच्या टाकीत चढायला पाण्याला सोसायटीचा पंप लागतोच. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला कोयनेपेक्षा जिना महत्त्वाचा ठरेल. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली, पेशव्यांनी कात्रजचं पाणी पुण्यातल्या हौदांत आणलं, तेव्हा पंप नव्हताच. उतार हेच यंत्र होतं.

आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हवं, असं मदतकार्यातलं सर्वमान्य माप सांगतं. त्यात पिणं, रांधणं आणि जुजबी स्वच्छता आली. पाणी उकळावं. इंधन नसेल तर गाळून स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवावं, ढग असतील तर दोन दिवस. खेड्यात विहिरीत टाकायची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीत असतेच. आणि मैला वाहून नेणारे पंपही बंद आहेत हे विसरू नये. शहरात रोगराई सुरू होते ती तिथून.

पाण्याच्या पाठोपाठ औषधं. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको बेटाची ग्रीड मोडून टाकली. शेवटच्या घरात वीज यायला जवळपास अकरा महिने लागले. सरकारने सुरुवातीला मृतांचा आकडा ६४ सांगितला. पुढे सरकारनेच करवलेल्या अभ्यासात तो २,९७५ निघाला. वाऱ्याने मेले ते थोडे. बाकीचे डायलिसिस, प्राणवायू, औषधं आणि दवाखान्याची वाट हळूहळू बंद होत गेल्याने गेले. तिथल्या आद्हुंतास गावात कासा पुएब्लो नावाच्या लोकसंस्थेचं घर १९९९ पासून सौरविजेवर चालतं. त्या महिन्यांत गावकरी श्वासाची यंत्रं घेऊन तिथे येत, कंदिलांचं वाटप होई, फोन चार्ज होत. सौर पॅनेल छतावर असून भागत नाही, हेही इथे सांगायला हवं. नुसतं ग्रीडला जोडलेलं पॅनेल ग्रीड गेली की स्वतःही बंद पडतं. बॅटरी आणि ग्रीडपासून वेगळं होऊन चालू शकणारं इन्व्हर्टर असेल तरच ते कामाचं. इन्सुलिनला फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं बऱ्यापैकी गारवा देतं. बर्फापेक्षा भरवशाचं, कारण बर्फ संपतो.

अन्नाबाबत मराठी घर थोडं निर्धास्त राहू शकतं. डबा भरून तांदूळ, डाळ, पोहे. माळ्यावर कुरडया, सांडगे, पापड. कोकणात सुकट आणि सुके बोंबील. फ्रिजमधलं आधी संपवावं आणि दार उगाच उघडू नये. चूल-शेगडी मात्र उघड्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेल्यावर थंडीने गारठलेल्या लोकांनी घरात कोळसे पेटवले, जनित्रं लावली, आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली. त्या वायूला वास नसतो.

पैसा रोख हवा, तोही सुट्टा. पेट्रोल पंपालाही वीज लागते. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग रेडिओ. स्पेनमध्ये त्या दुपारी ट्रान्झिस्टरवर उड्या पडल्या आणि रस्त्यात एकेका संचाभोवती घोळके जमले. भूजच्या भूकंपात २००१ साली हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, निरोप पोहोचवले होते. त्यांच्यापाशी अजूनही गाडीच्या बॅटरीवर चालणारे संच असतात.

महाराष्ट्राच्या खेड्यांना भारनियमनाची जुनी तालीम आहे. लाईट आली की दळण, लाईट आली की मोटार, मग ती रात्री दोनला का येईना. बारा-बारा तासांची ती वर्षं फार जुनी नाहीत. तो अनुभव कामाचा, पण त्यात वेळापत्रक असायचं. मुंबईला तेही ठाऊक नव्हतं. शहराची ग्रीड संकटात बाजूला काढून चालू ठेवण्याची व्यवस्था १९८१ पासून होती, म्हणून मुंबईकर निवांत असे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती व्यवस्था टिकली नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि लोक रुळांवरून चालू लागले.

वीज परत येते तेव्हा ती आधी इतर केंद्रांकडे जाते, मग रेल्वे, दवाखाने आणि पाण्याच्या पंपांकडे. घरांचा नंबर उशिरा लागतो, गल्लीगल्लीने. आणि तेव्हाच घात होतो. बरेच तास बंद असलेले सगळे फ्रिज, पंप आणि एसी एकदम सुरू झाले की भार नेहमीच्या दुपटीवर जातो आणि नुकतं लागलेलं विरजण पुन्हा नासतं. म्हणून अंधारातच घरातली सगळी बटणं बंद करून ठेवावीत. स्वयंपाकघरातला एक दिवा तेवढा चालू असू द्यावा, म्हणजे लाईट आल्याचं कळेल.