काशीयात्रेची चित्रवही : साचा तयार, चौकट रिकामी

वाराणसी : काशीयात्रेहून परतल्यावर गंगापूजन करून मावंदे घालण्याची आणि आप्तेष्टांना गंगाजलाचे गडू देण्याची प्रथा मराठी घरांत जुनी आहे. या गडूंच्या जोडीला यात्रेची छापील चित्रवही देणे आता सहजसाध्य झाले आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर तयार मिळणाऱ्या डिजिटल साच्यांमुळे, म्हणजेच टेम्पलेटमुळे, मांडणीचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीलाही असे पुस्तक घरबसल्या रचता येते. मात्र साचा जसाच्या तसा स्वीकारला, तर काशीचे पान आणि अन्य कोणत्याही पर्यटनस्थळाचे पान यांत फरक उरत नाही.

साचा म्हणजे पानाची आधी आखून ठेवलेली मांडणी. छायाचित्रांच्या चौकटी, मजकुराच्या जागा, जुन्या कागदाचा पोत, शिक्के आणि टाके अशी सजावट त्यात एकावर एक थरांत रचलेली असते. मिश्र माध्यमाच्या पानात खऱ्या वस्तूंचीही भर पडते. रेल्वेचे तिकीट, बनारसी वस्त्राचा तुकडा, घरातील ज्येष्ठांच्या हस्ताक्षरातील टिपण स्कॅन करून थरांत बसवता येते किंवा छापलेल्या पानावर प्रत्यक्ष चिकटवता येते. उष्णतेने छापल्या जाणाऱ्या पावत्यांवरील अक्षरे कालांतराने पुसट होतात. त्या आधीच स्कॅन केलेल्या बऱ्या.

बहुतेक साचे पानावर एक, चार किंवा सहा सुट्या चौकटी देतात. काशी अशा तुकड्यांत मावत नाही. येथे गंगा उत्तरवाहिनी असून घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. नावेतून घाटांकडे पाहिले असता अस्सी घाट डावीकडे आणि राजघाट उजवीकडे येतो. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेचा क्रम आणि देवनागरीचा डावीकडून उजवीकडे वाचण्याचा क्रम असा एकच ठरतो. अहल्याबाई घाट, त्याच्या शेजारचा दशाश्वमेध, पुढे मणिकर्णिका, शिंदे घाट, भोसले घाट आणि पंचगंगा या ओळीने छायाचित्रे लावली, तर पाने उलटताना नाव पुढे सरकते. त्यासाठी चौकटी पुसून जोडपानभर एक लांब पट्टी ठेवावी लागते. महत्त्वाचा कळस किंवा चेहरा दोन पानांच्या बांधणीत जाणार नाही, एवढे मात्र पाहावे.

चित्राबरोबर मजकूर हवाच. १८२० ते १८३० या काळात येथील टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी काशीच्या चित्रांचा शिळाछाप संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा चित्रांना माहितीची जोड दिली होती. आजच्या छायाचित्राखाली निदान स्थळ आणि वर्ष असावे. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धामाने मंदिरापासून गंगेपर्यंतचा परिसर पालटून टाकला. त्यापूर्वीच्या छायाचित्रांत दिसणाऱ्या तेथील कित्येक गल्ल्या आज अस्तित्वात नाहीत. वर्ष लिहिले नसेल, तर पुढची पिढी ती जागा शोधत बसेल.

मजकुराची खरी अडचण लिपीची आहे. अनेक साचे केवळ रोमन अक्षरांसाठी घडवलेले असतात. त्यांत देवनागरी लिहिताच जोडाक्षरे फुटतात आणि घाटांच्या वर्णनात पदोपदी येणारा ‘पायऱ्या’ हा शब्दच बिघडतो. मुक्त किंवा बलू यांसारखे विनामूल्य युनिकोड टंक निवडावेत आणि छपाईपूर्वी मराठीतील ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ्य’ तपासून पाहावेत.

छपाईचे गणित त्या मानाने सोपे आहे. दर इंचाला ३०० बिंदू धरले, तर ८ इंची चौरस पानासाठी २४०० बाय २४०० बिंदूंचे चित्र लागते. मोबाइलचे ४००० बाय ३००० बिंदूंचे मूळ छायाचित्र त्यास पुरेसे ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली, आकसलेली प्रत बहुधा नाही. कापणीसाठी कडेला सुमारे ३ मिलिमीटर चित्र जास्त सोडावे.

एवढे करूनही यात्रेतील मुख्य क्षणाचे छायाचित्र हाती नसते. विश्वनाथ मंदिरात मोबाइल आणि कॅमेरा नेण्यास मनाई आहे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चिता जळत असताना छायाचित्रे घेणे शोकाकुल कुटुंबांना क्लेशदायक ठरते. नावाडीही कॅमेरा खाली ठेवण्यास सांगतात. साच्यातील चौकट मात्र भरून मागते आणि तेथे बाजारात मिळणारे तयार चित्र डकवण्याचा मोह होतो. त्याऐवजी ती चौकट काढून टाकावी. दर्शनाच्या रांगेत किती वेळ गेला, कोण सोबत होते, कोणासाठी पिंडदान केले, हे आई-वडिलांकडून त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे आणि तो कागद स्कॅन करून पानभर छापावा. हे टिपण परतीच्या गाडीतच लिहून घेतलेले बरे. मावंद्याच्या तयारीत ते राहून जाते, आणि छापखान्यालाही काही दिवस द्यावे लागतात.