दिवाळी अंक विकत घेण्याआधी एकदा ग्रंथालयात डोकवा

माळशिरसकरांनो, आपल्याकडे ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम नातेपुतेनंतर आणि वेळापूरच्या आधी असतो, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात काय काय मिळतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्रं वाचायला सभासद व्हावं लागत नाही, पैसेही पडत नाहीत. सकाळी या, बाकावर बसा, हवा तो पेपर उघडा. पुस्तक घरी न्यायचं असेल तर मात्र अनामत आणि थोडी वर्गणी भरायची.

मला सगळ्यात आवडतो तो दिवाळी अंकांचा हंगाम! १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा रुजली. आता सगळे अंक विकत घेणं कुणाला परवडतं? ग्रंथालयात एक अंक हातोहात फिरतो. पानांचे कोपरे मऊ पडतात, कव्हरला चिकटपट्टी लागते, तरी कथा ताजीच असते.

ही सगळी व्यवस्था १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमावर उभी आहे. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानानं असा कायदा केला होता. आज ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि अनुदान त्यावर ठरतं. पुस्तकं किती, वाचक किती, हे त्यात पाहिलं जातं. म्हणून नुसतं कौतुक करू नका, सभासद व्हा. पोरांनाही सोबत न्या. १५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. तेव्हा नक्की या.