म्हातारी विमाने जमिनीला टेकतात तेव्हा

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्ड नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या विमानतळावर त्या दिवशी हवाई मेळा भरला होता आणि ‘ब्लॅक सिक्स’चे अखेरचे उड्डाण व्हायचे होते.

ब्लॅक सिक्स हे दुसऱ्या महायुद्धातले अस्सल जर्मन मेसरश्मिट १०९. १९४२ साली बांधलेले आणि त्याच वर्षी लिबियाच्या वाळवंटात ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनच्या हाती लागलेले. पुढे ते इंग्लंडात आले. १९७२ साली रस स्नॅडन हा ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक त्याच्या मागे लागला. मित्रांना हाताशी धरून, फावल्या वेळात त्याने ते जुळवायला घेतले आणि मार्च १९९१ मध्ये ते आकाशात गेले. जवळजवळ एकोणीस वर्षे! एवढ्या काळात आपल्याकडे घरातले पोर लहानाचे मोठे होऊन नोकरीच्या शोधाला लागते. काही वर्षे उडवायचे आणि मग संग्रहालयात ठेवायचे, असे ठरलेलेच होते. ती मुदत आता संपत आली होती.

विमान चालवत होते सर जॉन ॲलिसन, ब्रिटिश हवाई दलातले अतिवरिष्ठ अधिकारी आणि जुन्या विमानांवर हात बसलेला माणूस. उड्डाणातच इंजिनाने कुरकुर सुरू केली. ॲलिसन उतरण्यासाठी वळले. पण विमान धावपट्टीवर आले ते उंच आणि वेगात. उरलेल्या पट्टीत ते थांबणे शक्य नव्हते. डक्सफर्डची धावपट्टी जिथे संपते तिथे एम-११ हा महामार्ग आडवा जातो. १९७० च्या दशकात तो बांधताना पट्टीचे एक टोकच कापले गेले. आता समोर मोटारींची रहदारी! ॲलिसननी विमान महामार्गावरून पलीकडे काढले आणि नांगरलेल्या शेतात टेकवले. मऊ मातीत ते उलथले आणि पाठीवर पडले. ॲलिसनना इजा झाली नाही, महामार्गावरही कोणाला काही झाले नाही. मात्र एकोणीस वर्षांची मेहनत चाके वर करून शेतात पडली होती.

हवाई मेळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोलांट्या आणि सूर येतात. प्रेक्षक श्वास रोखतात ते तेव्हाच. विमान उतरू लागले की लोक पिशव्या आवरतात, आइस्क्रीमच्या रांगेकडे वळतात. वैमानिकाची परीक्षा मात्र तिथून पुढे असते.

आपण प्रवास करतो त्या विमानाचे तिसरे चाक नाकाखाली असते. त्या काळातल्या बहुतेक लढाऊ विमानांचे ते शेपटीखाली. म्हणजे विमान जमिनीवर उभे राहते ते नाक वर करून, आणि त्या नाकात भलेमोठे इंजिन. वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसतच नाही! म्हणून स्पिटफायरचा वैमानिक सरळ न येता कमानीसारखे वळण घेत उतरतो, बाजूने पट्टी पाहून घेतो आणि अगदी शेवटी विमान सरळ करतो. तिथून पुढे दोन्ही बाजूंच्या कडा नजरेत धरून चालायचे.

दुसरी अडचण वजनाची. विमानाचा भार पुढच्या दोन चाकांच्या मागे असतो. मागे जड झालेली हातगाडी उतारावर सोडली तर ती गर्रकन फिरून उलट्या तोंडाने धावू पाहते, तसे हे विमान जमिनीवर गिरकी घेऊ पाहते. ब्रेक जोरात दाबावा तर शेपटी वर उचलली जाऊन नाक जमिनीत रुतते. सायकलचा पुढचाच ब्रेक दाबून जो कधी तोंडावर आपटला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको. आणि उतरणे जमत नाही म्हणून पुन्हा वर जावे, तर मंद वेगात इंजिनाला एकदम जोर दिला की पंख्याच्या फिरण्याने विमानच उलट बाजूला कलंडू लागते.

मेसरश्मिटची गोष्ट याहून बिकट. त्याच्या चाकांचे दांडे पंखांना नव्हे, धडाला जोडलेले. पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभे राहावे, ने-आण आणि दुरुस्ती सोपी व्हावी, हा हेतू. कारखान्याच्या सोयीचा हिशेब तो! त्यामुळे दोन चाकांतले अंतर कमी राहिले आणि त्याची किंमत युद्धात कोवळ्या वैमानिकांनी मोजली. स्पिटफायरची चाकेही जवळजवळच. हरिकेन मात्र पाय फाकून ऐटीत उभे राहते.

मेळ्यात एका वेळी एकच विमान उतरते असेही नाही. जुलै २००७ मध्ये अमेरिकेत ऑशकॉशच्या प्रचंड मेळ्यात मस्टँग जातीची दोन विमाने एकामागोमाग उतरत होती. मागचे पुढच्यावर जाऊन आदळले. मागच्याचा वैमानिक जागीच गेला. ज्या विमानात तो गेला ते त्याने स्वतःच उभे केले होते. पुढचा वाचला. आडवे येणारे ते लांब नाक इथेही आठवल्याशिवाय राहत नाही.

मग प्रश्न येतो, ही विमाने उडवायचीच कशाला? काचेच्या पलीकडे ठेवा, पाटी लावा, मुलांना दाखवा. हा प्रश्न आपल्यालाही अगदी परका नाही. भारतीय हवाई दलाने मोडीत काढलेली काही स्पिटफायर १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला गेली आणि त्यातली काही पुन्हा उडू लागली. ती इथेच राहिली असती तर गंजून गेली असती, असे म्हणणारे आहेत. त्यांचे चुकते असे वाटत नाही. ही विमाने टिकली ती पुष्कळशी उडवणाऱ्यांच्या वेडापायी. उडणाऱ्या यंत्राला तेल लागते, सुटे भाग लागतात, ते भाग घडवणारे कारागीर लागतात. यंत्र बसून राहिले की ही विद्याही बसते.

पण सगळी विमाने एका मापाने मोजता येत नाहीत. आज उडणाऱ्या कित्येक स्पिटफायरमध्ये जुन्यापेक्षा नवा पत्राच जास्त असतो. आराखडे आहेत, कारखाने आहेत. उतरताना नाक टेकले तर पंख्याची लाकडी पाती तुटतात, इंजिन खोलून तपासावे लागते, मालकाचे दिवाळे निघायची वेळ येते. तरी दोन-तीन वर्षांनी विमान पुन्हा हजर! ब्लॅक सिक्सचे तसे नव्हते. त्याचे मोल होते ते युद्धात घडलेल्या मूळ धातूत, आणि त्या शेतात चेपला गेला तो धातू परत घडवता येत नाही. अशी एकुलती एक चीज निदान महामार्गाच्या कडेला तरी उतरवू नये, असे आमचे मत. स्नॅडनसारख्यांना ते पटेल अशी आशा नाही. ज्याने वर्षानुवर्षे रात्री जागवून इंजिन चालू केले, त्याला ते गप्प बसलेले कसे पाहवणार?

ब्लॅक सिक्स पुढे दुरुस्त झाले, पण फक्त पाहण्यापुरते. ठरल्याप्रमाणे ते ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात गेले, थोडे उशिरा आणि बरेच ठेचकाळून.

डक्सफर्डला मेळे त्यानंतरही भरत राहिले. मेसरश्मिटचा स्पेनमध्ये तयार झालेला, रोल्स-रॉईसचे मर्लिन इंजिन बसवलेला चुलतभाऊ बुशोन तिथे स्पिटफायरच्या मागे लागून लुटुपुटीची लढाई खेळतो. लढाई संपली की अशा विमानाचे बरेच वैमानिक डांबरी पट्टीपेक्षा शेजारचे गवत पसंत करतात. डांबरावर चाक पकडते आणि विमान फिरवते. गवतावर ते जरा घसरते, आणि वैमानिकाला सावरायला क्षणभर मिळतो.