मागचा पाय कुठे पडतो?

आमच्या वडनेरहून समुद्र पाहायला पूर्वेला निघा की पश्चिमेला, पाचशे किलोमीटरच्या आत तो भेटत नाही. त्यामुळे गोव्यात नोकरीला गेलेल्या भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, सर्फबोर्डावर पॅड लावू का वॅक्सवरच भागवू?" तेव्हा हा पॅड काय असतो, इथूनच मला सुरुवात करावी लागली. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून घरातल्या सगळ्या शंका माझ्याकडे येतात. फ्रीज का गळतो, पापड का वाकतो, आणि आता हे.

समुद्राचा अनुभव मला नाही, घसरण्याचा मात्र दांडगा आहे. आमच्या हिंगणघाट तालुक्यात कन्हार जमीन भरपूर. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि चपलेला किलोकिलोने चिकटते. गंमत अशी की चिकटणारी ही मातीच माणसाला आपटतेही. तळव्याच्या खाचा गाऱ्याने भरल्या की नक्षीची चप्पल आणि गुळगुळीत चप्पल यांत फरक उरत नाही. पाण्याला बाजूला सरायला जागा नाही, मग पाय पाण्यावरच चालतो.

बोर्डाचंही तेच होतं. आत फोम, त्यावर काचतंतूंचं कापड, वर रेझिनचा थर, आणि शेवटी घासून आरशासारखा केलेला पृष्ठभाग. खालून पाणी सुळकन सरावं म्हणून ही सफाई लागते. वरून मात्र तीच घात करते. घर्षणाचा नियम आपण शाळेत शिकतो तो फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडला: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत ही गोष्ट दोनशे वर्षं आधीच नोंदलेली होती. पण हा नियम कोरड्या, कठीण वस्तूंचा. पायाचा तळवा मऊ, बोर्ड ओला. दोघांत पाण्याचा पातळ थर आला की त्वचा आणि रेझिन यांची खरी गाठ पडतच नाही.

आकड्यात बघू. समजा ओल्या रेझिनवर घर्षणांक ०.१ आहे. मग बोर्ड जेमतेम सहा अंशांनी कलला की पाय सुटतो. तोच अंक ०.६ वर नेला तर तीस अंशांपर्यंत उभं राहता येतं. लाटेवर वळताना बोर्ड याहून जास्त कलतो, पण तेव्हा वळणाचा जोर माणसाला बोर्डावर दाबतही असतो, म्हणून निभावतं.

अंक वाढवण्याचा जुना उपाय मेण. सुरुवातीला लोक मेणबत्तीचं पॅराफिनच फासत. आजच्या सर्फ वॅक्समध्ये पॅराफिनबरोबर मधमाशांचं मेण आणि चिकटपणा आणणारी द्रव्यं असतात. वडी गोलगोल घासली की बोर्डावर बारीक गुठळ्या उठतात. गुठळी तळव्यात रुतते आणि पाणी दोन गुठळ्यांमधून पळतं. म्हणजे मेण नुसतं चिकटत नाही, पाण्याला वाटही करून देतं. पाण्याच्या तापमानाप्रमाणे वॅक्सच्या जाती असतात. गोव्याचं पाणी साधारण २७ ते ३० अंश, तिथे कडक, 'ट्रॉपिकल' वॅक्सच हवं. थंड समुद्राचं मऊ वॅक्स तिथे लोण्यासारखं होतं, आणि कडक वॅक्ससुद्धा बोर्ड उन्हात उताणा ठेवला तर वितळून ओघळतं. भाच्याची निम्मी तक्रार तिथेच निघाली. बोर्ड तो दुपारभर वाळूत टाकून ठेवत होता.

पॅड हा नंतरचा प्रकार. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या हर्बी फ्लेचर यांनी 'अॅस्ट्रोडेक' नावाने तो बाजारात रुजवला. आजचे बहुतेक पॅड इव्हीए फोमचे असतात. हे नाव परकं वाटेल, पण वस्तू तुमच्या उंबऱ्यात पडलेली आहे: हलक्या चपलांचे तळवे याचेच. फोममधली बुडबुड्यांची घरं बंद असतात, म्हणून तो पाणी पीत नाही. वर चौकड्यांच्या खाचा कापलेल्या. भार पडला की मऊ फोम दबतो, खरा स्पर्श वाढतो, पाणी खाचांत जातं. गाडीच्या टायरची नक्षी हेच काम करते. नासाच्या हॉर्न यांनी १९६०च्या दशकात काढलेल्या सूत्राने हिशेब केला, तर ३२ पौंड हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. आमच्या गावावरून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावर पावसात त्याहून वेगाने गाड्या जातात. नक्षी झिजली असेल तर रस्ता सुटायला तेवढाही वेग लागत नाही.

पॅड चिकटवतात तो बोर्डाच्या शेपटावर, आणि त्याच्या मागच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटर उंचीचा चढ असतो. मला त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटली. चढ घर्षण वाढवत नाही, तो घर्षणावरची भिस्तच कमी करतो. चढावर उभ्या बैलगाडीच्या चाकामागे आपण दगड लावतो, तसा पाय त्याला टेकतो. शिवाय मागच्या पायाला खाली न बघता कळतं की आपण शेपटावर, बोर्डाच्या खाली बसवलेल्या पंखांच्या बरोबर वर आलो. बोर्ड वळतो तो याच पायाच्या दाबाने.

मग अख्ख्या बोर्डालाच पॅड का लावत नाहीत? कारण सर्फर बराच वेळ बोर्डावर पालथा असतो आणि हातांनी पाणी ओढतो. खरबरीत पृष्ठभाग छाती-पोट सोलून काढेल. पकड जास्त झाली तरी अंग सोलतं, हे आपल्याकडे मलखांबवाल्यांना कोणी सांगायला नको. ते खांबाला एरंडेल चोळतात. लाँगबोर्डवाल्यांचं तर आणखी वेगळं. ते बोर्डावर पुढे-मागे पावलं टाकत चालतात. त्यांना सगळीकडे सारखं मेण हवं, शेपटावरची पायरी त्यांना अडखळवते. आणि शिकाऊ लोकांच्या मऊ फोमच्या बोर्डाला बहुधा दोन्हींची गरज पडत नाही. आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात शिकवणीचे बोर्ड पुष्कळदा तसलेच असतात.

इथे मला आमचे नालबंद आठवले. दुभंगलेल्या खुराला दोन नाल, म्हणजे एका बैलाला आठ. ज्याची गाडी डांबरी रस्त्याने कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजाराला जायची, त्याला नाल हवेच, नाहीतर खूर झिजून बैल लंगडायचा. ज्याचा बैल फक्त शेतात चालायचा, त्याच्या मालकाने आठ नालांचा खर्च कशाला करावा? मऊ मातीत खूरच रुततो आणि धरतो. उलट पावसात ओल्या डांबरावर घासून चकचकीत झालेला लोखंडी नाल स्वतःच घसरतो. नाल खुराची झीज वाचवतो. पकड वाढवेलच असं नाही. शिवाय चांगला नालबंद पैसे ठरवण्याआधी खूर उचलून बघतो. कुठल्या बाजूने झिजलाय, किती झिजलाय, यावरून बैल कसा चालतो ते त्याला कळतं.

भाच्याला मी तेवढंच विचारलं, "तुझा मागचा पाय कुठे पडतो रे?" त्याला सांगता येईना. शेपटावर पडत असावा, म्हणाला. पॅड एकदा चिकटवला की काढणं कटकटीचं. लावायचा तर आधी सगळं मेण खरवडून स्पिरिटने पुसायचं, दाबून बसवायचा, दिवसभर पाण्यापासून दूर ठेवायचा. आणि नंतर जागा चुकली असं कळलं तर गोंदाचे डाग घासत बसायचं. म्हणून म्हटलं, "पंधरा दिवस सगळीकडे ताजं वॅक्स लाव आणि बोर्ड सावलीत ठेव. मग वॅक्स कुठे चपटलंय ते बघ."

मधल्या काळात त्याने दुसराच प्रश्न काढला: पाण्यात राहून तळव्यांना सुरकुत्या पडतात, त्यांनी पकड वाढते का? हा प्रश्न मला पॅडपेक्षा आवडला. सुरकुत्या पाणी मुरल्यामुळे पडत नाहीत, मज्जातंतूंच्या हुकमाने पडतात; बोटाची नस तुटली तर बोट पाण्यात ठेवूनही गुळगुळीत राहतं. २०१३ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी लोकांना पाण्यातल्या गोट्या उचलायला लावल्या, तेव्हा सुरकुतलेली बोटं जलद ठरली. पुढच्याच वर्षी जर्मनीत तसाच प्रयोग केला आणि फरक दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

पंधरा दिवसांनी फोटो आला. पुढच्या पायाचा ठसा बोर्डाच्या मध्याजवळ, ठीक. मागच्याचा शेपटापासून चांगला दोन वितींवर, आणि एक नव्हे तर तीन ठसे, एकमेकांवर चढलेले. शेपटावरचं मेण मात्र लावलं तसंच, गुठळ्यांसकट शाबूत.