ओळखीचे शब्द

बेळगावात वाढलेल्याला दुसरी भाषा सोपी वाटते, कारण तिच्यात ओळखीचे शब्द भेटतात. आणि फसवतातही तेच. मराठीत ‘अवसर’ म्हणजे संधी, कन्नडमध्ये घाई. संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे.

अकरावीपासून मी जावा लिहीत आलो. यंदा पायथन शिकायला घेतली. क्लास आणि ऑब्जेक्ट दोन्हींत आहेत, तेव्हा आठवड्यात आटोपेल असे वाटले. वडिलांच्या किराणा दुकानाची उधारी पायथनमध्ये उतरवली. ‘गिऱ्हाईक’ हा क्लास, म्हणजे खात्याचा कोरा नमुना. त्यावरून केलेले एकेकाचे खाते हा ऑब्जेक्ट. जावातल्या सवयीने नोंदींची रिकामी यादी क्लासमध्येच लिहिली.

पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी एका आजींना २,३४० रुपये बाकी सांगितली. त्यांनी नेले होते १४० रुपयांचे सामान! आजी मुकाट्याने पिशवी उघडून पैसे मोजू लागल्या, तेव्हा मला घाम फुटला.

जावात अशी यादी प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळी मिळते. सामाईक हवी तर ‘स्टॅटिक’ लिहावे लागते. पायथनमध्ये क्लासमधली यादी मुळातच सामाईक. वेगळी हवी तर ती ‘इनिट’मध्ये ‘सेल्फ’ला जोडावी लागते. मी साऱ्या गल्लीची उधारी एकाच खात्यावर मांडली होती.

दोष पायथनचा नव्हता. तिच्या शब्दांत मी जावाच बोलत होतो. आता सारखे दिसून वेगळे वागणारे काय आहे, ते मी आधी शोधतो. कार्यक्रम दुरुस्त झाला. पण वडिलांची लाल वही अजून शेजारी उघडी असते.