हृदयातली चोरदिंडी

मुलांनो, मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं टेकवा. लागली नाडी? दिवसाकाठी असे साधारण एक लाख ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात एक इवलंसं थांबणं असतं. आजची गोष्ट त्या थांबण्याची.

हृदयाला वर दोन कप्पे, खाली दोन. उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशी पेशींचा एक पुंजका आहे. विजेची लहर तिथं उठते, वरचे कप्पे आवळतात आणि रक्त खाली उतरतं. लहर मात्र लगेच खाली जाऊ शकत नाही. मध्ये आडवा तट आहे, वीज न वाहणाऱ्या तंतूंचा. रायगडाच्या तटाला महादरवाजा असतो ना, तसा या तटालाही एकच दरवाजा. जर्मनीत मारबुर्गला संशोधन करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरनं १९०६ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. या दरवाजात लहर सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळते. तेवढ्यात खालचे कप्पे रक्तानं भरून घेतात.

पण रायगडाला चोरदिंडीही आहे! तशी ती हजारातल्या एखाद-दोघांच्या हृदयातही असते. आईच्या पोटात हृदय घडताना तट कुठंतरी अपुरा राहतो आणि स्नायूचा बारीक धागा आरपार उरतो. तिथं पहारा नाही. मग एखादे दिवशी लहर महादरवाजानं खाली उतरते, चोरदिंडीनं वर येते, पुन्हा खाली, पुन्हा वर. नाडी मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी १९३० साली अशा ११ जणांची हकिगत छापली. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका मासेमाराची छाती उघडून हा धागा कापला, तो बरा झाला. पण प्रत्येकाची छाती कशी उघडायची?

आता जांघेतल्या शिरेतून बारीक, लवचीक नळी हृदयात नेतात. तिचं नाव कॅथेटर. टोकाला धातूच्या कड्या, त्या हृदयाची वीज टिपतात. डॉक्टर तटाच्या कडेकडेनं टोक सरकवत पडद्यावरच्या रेषा पाहतात. वरच्या आणि खालच्या कप्प्याचे संकेत जिथं मध्ये फट न ठेवता एकमेकांना चिकटून येतात, तिथं चोरदिंडी! मग सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तनांचा प्रवाह सोडतात. इतक्या वेगवान प्रवाहानं ठोका बिघडत नाही, टोकाजवळचा स्नायू तेवढा तापतो. पन्नास अंशांच्या वर गेला की काही मिलिमीटरचा ठिपका निकामी होतो. ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखात, चोरदिंडीतून न थांबता उतरणाऱ्या लहरीमुळं ठोक्याच्या सुरुवातीला दिसणारा तिरका चढ बघता बघता नाहीसा होतो. ओक्लाहोमाच्या जॅकमन या डॉक्टरांनी १९९१ साली १६६ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यातल्या १६४ जणांची चोरदिंडी बंद झाली होती.

पण चोरदिंडी महादरवाजाला लागून असेल तर डॉक्टर फार जपतात. चुकून महादरवाजाच जळाला तर जन्मभर पेसमेकर, म्हणजे ठोके चालवणारं यंत्र, लागू शकतो. म्हणून जाळण्यापेक्षा शोधण्याची विद्या मोठी.

तेव्हा लक्षात ठेवा. कुणाची छाती एकाएकी धडधडू लागली आणि तशीच एकाएकी थांबली, तर ‘उगाच घाबरतोस’ म्हणून त्याला गप्प करू नका. मोठ्यांना सांगा, आणि धडधड चालू असतानाच ईसीजी काढायला लावा. लहर कुठल्या वाटेनं फिरतेय ते त्या कागदावरून ताडता येतं, आणि वाट कळली की बहुतेकदा ती कायमची बंद करता येते.